अकरा पत्रं

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी संस्थेच्या संगणकावरून अकरा जणांना पत्रं गेली. एरवी महिन्याला एक जातं, फार तर दोन. अकराही पत्रांत मजकूर एकच होता: तुमच्या जन्मदात्या आईने तिचा पत्ता तुम्हाला कळवायला संमती दिली आहे, पत्ता खाली देत आहोत. त्यातल्या नऊ आयांनी संमती दिलेली नव्हती.

हे कळायला दीड तास लागला.

संस्था दत्तक दिलेल्या मुलांची. ज्यांनी कधीकाळी आपलं मूल तिथे सोपवलं, त्या बायकांना संस्था दर काही वर्षांनी एकच प्रश्न विचारते: मुलाने विचारलं तर तुमचा पत्ता द्यायचा का? मोठी झालेली मुलंही आपापला अर्ज करून ठेवतात. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी संगणक दोन्ही याद्या जुळवतो आणि दोन्हीकडून हो असेल तिथे पत्र पाठवतो. आयांची नवी उत्तरं मात्र वर्षातून एकदाच, विचारण्याची फेरी संपली की, यादीत चढतात; ती या सोमवारी चढली होती. मध्ये माणसाचा हात लागत नाही. तो लागू नये, म्हणूनच हे काम संगणकाकडे दिलेलं होतं. कोण हो म्हणालं आणि कोण नाही, हे एकदा नोंदवल्यावर पडद्यावर कोणालाही दिसता कामा नये, अशी संचालिकाबाईंची सक्त अट होती.

हा सगळा कारभार ज्याने लिहिला त्याला सगळे मास्तर म्हणत. पूर्वी तो संगणकाचे वर्ग चालवायचा, ते बंद पडले, नाव तेवढं चिकटून राहिलं. छपाईच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तो आणि त्याची बायको काम करत. तो लिहायचा, ती तपासायची. तिने तपासणीच्या याद्या करून भिंतीला डकवल्या होत्या आणि त्यांच्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ज्याने लिहिलं त्याने तपासू नये.

"हे माझ्यासाठी लिहिलंयस ना?" तो विचारायचा.

"नाही रे, खालच्या छापखानेवाल्यासाठी. तो रोज वर येऊन वाचतो."

त्या सोमवारी दोघं चहा पीत होते. बायको एका दवाखान्याच्या फॉर्ममध्ये रुग्णाचं वय दोनशे टाकून बघत होती. फॉर्मने ते निमूट घेतलं.

"मास्तर, तुझे रुग्ण कासवाच्या वळणावर गेलेत," ती म्हणाली, आणि तेवढ्यात संस्थेचा फोन आला. दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

संचालिकाबाई कधी आवाज चढवून बोलत नसत. आजही चढला नव्हता. "मास्तर, आज अकरा पत्रं गेली."

"अकरा?"

"सकाळी आम्हाला आनंद झाला. म्हटलं, आयांची मनं पालटली. मावशीने तर एका मुलीला फोनवर आशीर्वादसुद्धा दिला. आता मावशी माझ्यासमोर बसली आहे आणि म्हणतेय, यातलं एक नक्की चुकलंय. तिच्याशी बोला."

मावशी म्हणजे संस्थेची नोंदणी कारकून. तीस वर्षं तिथे होती. आयांना फोन करून प्रश्न विचारायचा आणि उत्तर फॉर्ममध्ये भरायचं, हे तिचं काम.

"मास्तर, ती शिवणकाम करणारी बाई," मावशी म्हणाली. "मार्चमध्ये मी स्वतः विचारलं होतं. ती म्हणाली, नाही, आणि परत विचारूही नका. तिच्या घरात कोणाला माहीत नाही. नवरा आहे, दोन मुलगे आहेत, सून आहे. मी नाहीवर टिचकी मारली, माझ्या या हाताने. आणि आज सकाळी तिची मुलगी मला फोनवर सांगतेय की आईने हो म्हटलं. मी घाईत होते, मला लगेच आठवलं नाही. मी म्हटलं, जा बाळा, सुखरूप जा."

"जा म्हणजे?"

"ती निघाली, मास्तर. दहाच्या गाडीने."

मास्तरने फोन तसाच कानाला धरून कोड उघडला. शोधायला फार वेळ लागला नाही. चूक लपलेली नव्हतीच. सहा वर्षं ती दारात उभी होती आणि सगळे तिला ओलांडून जात होते.

त्या प्रश्नापुढे पूर्वी एक चौकोन होता. खूण केली की हो, नाही केली की नाही. चौकोनात खूण असली तर फॉर्मबरोबर एक शब्द जातो. नसली तर काहीच जात नाही. म्हणून मास्तरने कोडात एक ओळ लिहिली होती: उत्तराच्या कप्प्यात काही आलं असेल तर हो समज, रिकामा असेल तर नाही समज. सहा वर्षांत त्या ओळीने कोणाचा केसही वाकडा केला नव्हता.

फेब्रुवारीत बाईंनी बदल मागितला. त्यांचं म्हणणं बिनतोड होतं. रिकामा चौकोन बघून कसं कळणार, की बाई नाही म्हणाली, की मावशी विचारायलाच विसरली? "नाही म्हणायला काय लागतं ते त्या बायकांना ठाऊक," बाई म्हणाल्या होत्या. "त्यांचं नाही रिकाम्या जागेने दाखवू नका. ते लिहिलेलं असलं पाहिजे."

मास्तरला ते पटलं. त्याने चौकोन काढला आणि दोन गोल ठेवले, एक हो आणि एक नाही. आता नाहीवर टिचकी मारली की कप्प्यातून 'फॉल्स', म्हणजे नाही, असा शब्द यायचा. पण आत बसलेली जुनी ओळ त्या शब्दाचा अर्थ विचारत नव्हती. तिला कप्प्यात काहीतरी आलंय एवढंच दिसायचं. काही आलं म्हणजे हो. फेब्रुवारीनंतर जी बाई नाही म्हणाली, तिचं नाही पहिल्यांदाच लिहून गेलं, आणि लिहून गेलं म्हणूनच ते हो झालं.

बायको त्याच्या खांद्यामागे येऊन उभी होती. तिला सांगावं लागलं नाही.

"कोणी तपासलं होतं?" तिने विचारलं.

"तू भावाकडे गेली होतीस त्या आठवड्यात."

"मग?"

"मीच तपासलं. तुझ्या यादीप्रमाणे." त्याने भिंतीकडे बोट केलं. यादीत त्या फॉर्मपुढे दोन ओळी होत्या: एकदा खूण करून बघ. एकदा न करता बघ. "एकदा हो भरलं, हो नोंदलं गेलं. एकदा दोन्ही गोल रिकामे सोडले, फॉर्मने पुढे जाऊ दिलं नाही. दोन्ही ओळी झाल्या."

"यादी चौकोनाची होती."

"हो."

"नाहीवर टिचकी मारून बघितलंच नाहीस."

"नाही."

एरवी अशा वेळी तिच्याकडे एखादी म्हण तयार असायची. आज तिने खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसली.

ओळ दुरुस्त करायला चार मिनिटं लागली. हो असा स्पष्ट शब्द आला तरच हो, बाकी काहीही आलं तर नाही. अकरा वाजून सहा मिनिटांनी ती संस्थेच्या संगणकावर चढली. त्यानंतर मास्तरने फेब्रुवारीपासूनच्या नोंदी काढल्या. दोनशे चौदा बायका, एकजात हो. मूळ शब्द कुठेच उरला नव्हता. नोंद होण्याआधीच त्याचं हो झालं होतं आणि तेवढंच साठवलं गेलं होतं. चूक सापडली होती, पण यातलं खरं हो कोणतं हे संगणकाला विचारून उपयोग नव्हता.

"वही आहे माझ्याकडे," फोनवर मावशी हळूच म्हणाली. बाजूला बाई असणार. "नियमात बसत नाही, मला माहीत आहे. पण मी नावापुढे पेन्सिलीने ठिपका देते. नाही असलं की ठिपका. मला आपली सवय."

बाई मध्ये म्हणाल्या, "सवयीचं नंतर बघू. वही आण."

वहीवरून कळलं: अकरातल्या दोघी खरोखर हो म्हणाल्या होत्या. नऊ जणींपुढे ठिपका होता.

बाईंनी काम वाटून दिलं. नऊ मुलांना फोन करायचे, पत्र चुकून गेलं एवढंच सांगायचं, पत्ता वापरू नका अशी विनंती करायची. चार फोन बाई स्वतः करणार होत्या, तीन मावशी. मास्तर म्हणाला, एक मला द्या.

"तुम्ही तुमचा कोड बघा."

"कोड झाला, बाई. एक द्या."

त्याला एका रंगाऱ्याचा नंबर मिळाला. वय बेचाळीस, अर्ज सात वर्षांपूर्वीचा. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. मागे कुठेतरी पत्र्याचा डबा ओढल्याचा आवाज होता. मास्तरने बाईंनी सांगितलेलं वाक्य कागदावर लिहून घेतलं होतं, ते वाचलं.

"म्हणजे तिने हो म्हटलेलं नाही," रंगारी म्हणाला.

"नोंदीत चूक झाली आहे, एवढंच सांगू शकतो."

"तुम्ही कोण? ऑफिसातले?"

"मी तो प्रोग्रॅम लिहिलाय."

डब्याचा आवाज थांबला. "सकाळपासून मी शिडीवरून तीनदा खाली उतरलो, साहेब. पत्र परत वाचायला. बरोबरचे म्हणाले, याला लॉटरी लागली. मी जाणार नाही. ज्याला नको त्याच्या दारात जायची मला हौस नाही. कागदावर पत्ता उतरवून घेतला होता, तो फाडतो. पण आता तो मला पाठ झालाय. त्याचं काय करायचं?"

मास्तरने तो प्रश्नही त्याच कागदावर उतरवून घेतला.

दुपारी साडेबारापर्यंत आठ जणांशी बोलून झालं. कोणी शिव्या दिल्या, एकाने पुन्हा पुन्हा विचारलं की आईने अजून हो म्हणायला काही वाव आहे का. आठही जणांनी जाणार नाही असं सांगितलं. राहिली नववी. शिवणकामवाल्या बाईची ही मुलगी परिचारिका होती, एकतीस वर्षांची. रात्रपाळी संपवून दवाखान्याच्या दारातच तिने पत्र वाचलं होतं आणि मावशीला फोन केला होता. फोनची बॅटरी संपत आलीय, पोचल्यावर बोलते, असं ती म्हणाली होती. त्यानंतर तिचा फोन बंद होता. मास्तरने तिला निरोप लिहून पाठवला होता: कृपया त्या घरी जाऊ नका, आधी या नंबरवर बोला. तो तसाच लटकत होता.

गाडी चार वाजून दहा मिनिटांनी पोचणार होती. संस्थेतून तिथे जायला सात तास लागत. बाईंनी त्या गावच्या बसस्थानकावर फोन लावला. खिडकीवरच्या माणसाने गाडी आल्यावर मुलीच्या नावाने भोंग्यावरून पुकारा करायचं कबूल केलं, पण स्वर असा होता की चालू कामात अजून एक शेपूट.

"मग आईलाच सावध करू," मास्तर म्हणाला.

"फाइल वाचा," बाई म्हणाल्या.

फाइलमध्ये शिवणकामवाल्या बाईच्या नावापुढे एक ओळ होती. फोन फक्त बुधवारी, दुपारी दोन ते तीन. आठवड्यात त्या एका तासाला घरात तिच्याशिवाय कोणी नसायचं. नंबर दुकानाचा, आणि दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. आज सोमवार होता. तिला सावध करायला फोन करावा, तर तो घरातला कोणीही उचलणार. संस्थेचं नाव घेतलं तर मुलगी दारात यायच्या आधीच सगळं फुटणार.

"मी करते," मास्तरची बायको म्हणाली. "बाईमाणसाने शिवणाच्या दुकानात फोन केला तर कोणाचं काय जातं?"

बाईंनी विचार करून हो म्हटलं. मात्र एक अट घातली. बोलायचं ते फक्त तिच्याशीच. ती नसेल तर एक शब्द जास्त नाही.

बारा वाजून पन्नास मिनिटांनी तिने फोन लावला आणि आवाज खोलीत ऐकू येईल असा ठेवला.

"हॅलो, शिवणाचं दुकान ना? पडदे शिवायचे होते."

"हो, बोला की. किती खिडक्या?" आवाज तरुण होता.

"तुम्हीच शिवता का?"

"मी सून. शिवतात सासूबाई, मी मापं घेते आणि बोलणी खाते."

"मग त्यांच्याशीच बोलीन म्हणते. मागे त्यांनीच शिवून दिले होते."

"त्या कापड आणायला गेल्यात. साडेचार तरी होतील. मला सांगा ना, मी काही कात्री घेऊन अंगावर येत नाही."

बायको हसली. तिचं हसणं खरं वाटलं. "तसं नाही गं. कापड अवघड आहे, त्यांनाच विचारायचंय. मोबाइल असेल ना त्यांच्याकडे?"

"मोबाइल माझ्यासमोर टेबलावर पडलाय. सासरे म्हणतात, ती मोबाइल घेऊन गेली तर समजायचं, घरी परत येणार नाही. खिडक्या किती म्हणालात?"

"पाच."

त्यांच्या दोन खोल्यांना मिळून तीन खिडक्या होत्या.

फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "चांगली आहे पोरगी." आणि मग, "हेच वाईट झालं."

दुपार कशी गेली हे दोघांनाही नंतर नीट सांगता आलं नाही. मास्तरने दोनशे चौदा नोंदी गोठवून टाकल्या, म्हणजे पुढच्या महिन्यात कोणालाच पत्र जाणार नाही. मावशीच्या वहीतले ठिपके तिला फोनवर विचारत एकेक करून नवीन स्तंभात भरले. एकशे सदतीस ठिपके निघाले. एकशे सदतीस बायकांचं नाही सहा महिने हो म्हणून पडून होतं, आणि त्यातल्या फक्त नऊ जणींच्या मुलांचे अर्ज होते. याला नशीब म्हणायचं का, हे त्याने स्वतःला विचारलं आणि पुढचा ठिपका भरला. बायकोने भिंतीवरची यादी काढली आणि तिसरी ओळ लिहायला पेन घेतलं. थोड्या वेळाने तिने पेन तसंच खाली ठेवलं.

चार वाजून वीस मिनिटांनी बसस्थानकावरून निरोप आला. गाडी वेळेवर आली, पुकारा दोनदा केला, कोणी आलं नाही.

चार पंचवीसला बायकोने पुन्हा फोन लावला.

"पाच खिडक्यावाल्या ना?" सुनेने आवाज ओळखला. "अजून नाही आल्या हो. येतीलच आता. थांबा हं एक मिनिट, दारात कोणीतरी आलंय."

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. कुठेतरी पंखा घरघरत होता. सून म्हणाली, "या ना. माप द्यायचंय का?" त्यावर दुसऱ्या बाईचा आवाज आला, खालच्या पट्टीतला. शब्द कळले नाहीत. मग सून म्हणाली, "बसा की मग. येतीलच. पाणी देऊ?" आतून कोणी पुरुष खोकला आणि विचारलं, "कोण आहे गं?"

मास्तरने कागद ओढला, त्यावर लिहिलं, आलेल्या मुलीला फोन दे म्हण, आणि बायकोपुढे सरकवला. तिने वाचलं. बाईंची अट दोघांनाही आठवत होती. तिने त्याच्याकडे बघितलं. त्याने त्याच शब्दांवर पुन्हा बोट ठेवलं.

सुनेने फोन उचलला. "हं, बोला. कोणीतरी आल्यात सासूबाईंकडे, काम काय ते सांगत नाहीत. त्यांनाच भेटायचंय म्हणतात."

"एक मिनिट त्यांना फोन देशील का?" बायको म्हणाली.

"कोणाला?"

"त्या आल्यात ना आता, त्यांना."

"तुम्ही ओळखता यांना?"

बायकोने कागद मास्तरकडे परत सरकवला.

"तुम्ही तर पडद्यांसाठी फोन केला होता ना?" सुनेच्या आवाजातलं हसू गेलं होतं. "कोण बोलताय तुम्ही?" मग तोंड फोनपासून दूर नेऊन ती म्हणाली, "बरं झालं आलात, आई. हे बघा ना काय, फोनवर कोणीतरी..."

त्यापुढे फोन बंद झाला. चार वाजून एकतीस मिनिटं झाली होती.

मास्तरने बाईंना फोन करून घडलं ते जसंच्या तसं सांगितलं, कागदावर काय लिहिलं होतं तेही. बाईंनी ऐकून घेतलं. "लिहून ठेवा," त्या म्हणाल्या, "वेळेसकट." मागून मावशीचा आवाज आला, काय झालं, पोचली का ती. बाईंनी फोन ठेवला.

सहा वाजेपर्यंत दुकानाचा नंबर चारदा लावून पाहिला. दोनदा घंटी वाजत राहिली. नंतर दोनदा नंबर व्यस्त होता.

मुलीचा फोन पाच वाजून चाळीस मिनिटांनी सुरू झाला. मास्तरचा निरोप तिला पोचला आणि सहा वाजून पाच मिनिटांनी वाचला गेला. त्याला उत्तर आलेलं नाही.